दोन पलटणी आणि टॉवेलच्या गाठी

"दोन पलटणी द्यायच्या गाझाला आणि टॅरिफ खाली आणून घ्यायचं. सरळ व्यवहार आहे की ओ, त्यात एवढा विचार कसला?"

हे मी ऐकलं १२ जानेवारी २०२६च्या सकाळी, सोलापुरात चार पुतळ्याच्या समोर चहा पिताना. बोलणारे माझ्या ओळखीचे टॉवेल कारखानदार, विषय गाझासाठी अमेरिकेला हव्या असलेल्या आंतरराष्ट्रीय दलाचा. मी त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरतो, त्यामुळे गोदामात किती गाठी अडकून पडल्यात हे त्यांच्या घरच्यांपेक्षा मला जास्त ठाऊक. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा आयात कर, म्हणजेच टॅरिफ, आधी २५ आणि मग ५० टक्क्यांवर नेला. त्यातला निम्मा, आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. रशियाच्या तेलाशी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या यंत्रमागाचा काय संबंध, हे त्यांना आजवर कुणी समजावू शकलेलं नाही. मीही नाही. माल तयार होता, प्रत्येक टॉवेलच्या काठाला तिकडच्या दुकानाचं लेबल शिवलेलं होतं, आणि ऑर्डर थांबलेली. इथल्या बाजारात विकायचा तर लेबल काढावं लागतं. दोन महिने त्यांनी तेवढ्यासाठी चार बायका बसवल्या होत्या, हातात छोट्या कात्र्या, दिवसभर उसवण्याचं काम. विणण्याची मजुरी देऊन झाल्यावर उसवण्याची मजुरी द्यायची वेळ माझ्या हिशेबाच्या वहीत पहिल्यांदाच आली.

तेव्हा त्या माणसाचा राग मला समजतो. पण त्याने सुचवलेला व्यवहार मला मान्य नाही, आणि का नाही ते नीट मांडावं म्हणून हा लेख.

आधी ती जागा. १२ जानेवारीला चार पुतळ्याला हार पडतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३१ साली याच तारखेला येरवड्यात चौघांना फाशी झाली. यंदा त्या हारांना महापालिका निवडणुकीच्या भोंग्यांची साथ होती, मतदान तीन दिवसांवर आलेलं, आणि पलीकडे गड्ड्याच्या जत्रेची तयारी. अशा गलबल्यात १९३० कुणाला आठवणार? पण सोलापूरला ते आठवायलाच हवं. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात गाव पेटलं, गोळीबार झाला, पोलीस मागे हटले, काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी गावाचा कारभार पाहिला. मग १२ मेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा. सरकारी कागदात ते सैन्य शांतता आणायलाच आलं होतं. आमच्या घरात आजीच्या तोंडी 'मार्शल लॉ' हा शब्द पंढरपूरच्या वारीइतका सहज होता, पोरं फार वेळ गप्प बसली की ती विचारायची, "मार्शल लॉ लागलाय का रे घरात?"

दुसऱ्याच्या बंदुकीखालची शांतता कशी असते हे या गावाने चाखलंय. म्हणून 'शांततेसाठी सैन्य' असं कुणी म्हणालं की दोन प्रश्न इथल्या माणसाने तरी विचारावेत. बोलावलं कुणी? आणि हुकूम कुणाचा?

आमच्या बाकावर तिसरे एक गृहस्थ होते. बार्शी तालुक्यातले निवृत्त हवालदार, मुलीकडे आलेले. काँगोत, गोमा शहराजवळ, संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेवर वर्षभर होते. कारखानदारांचं ऐकून ते हसले आणि म्हणाले, "सायब, तिथं आपला दुश्मन कुणी नसतोच. नसावाच लागतो. दुश्मन ठरला की मग ती लढाई झाली." त्यांना तिथे एक छोटं कार्ड मिळालं होतं, कायम खिशात ठेवायचं. गोळी कधी चालवायची, त्याआधी काय ओरडायचं, हवेत कधी, माणसावर कधी, हे सगळं त्यावर छापलेलं. "पोरगं समोर एके घेऊन उभं असतंय, बारा-तेरा वर्षांचं. आपण कार्ड आठवायचं." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला.

त्या कार्डात शांतिसेनेची सगळी कल्पना आहे. राष्ट्रसंघाच्या सनदेत 'शांतिसेना' हा शब्दच नाही. सहाव्या प्रकरणात वाटाघाटी आहेत, सातव्यात बळाचा वापर. राष्ट्रसंघाचे एके काळचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड गमतीने म्हणत, हे आपलं साडेसहावं प्रकरण. तीन अटींवर ते उभं राहिलं: ज्याच्या भूमीवर जायचं त्याची संमती, कुणाची बाजू न घेणं, आणि स्वतःच्या किंवा सोपवलेल्या कामाच्या रक्षणापलीकडे बळ न वापरणं. यातली पहिली अट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण बलाढ्य देशाला सगळ्यात जाचक तीच वाटते.

१९५६ साली सुएझवर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल चालून गेले. सुरक्षा समितीत ब्रिटन-फ्रान्सनी नकाराधिकार वापरला, म्हणून प्रश्न आमसभेत नेला गेला, आणि इजिप्तच्या संमतीने पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली. भारतीय जवान त्यात होते, आणि ते राहिले कुठे, तर गाझात. अकरा वर्षं. १९६७मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी संमती काढून घेतली आणि सरचिटणीस ऊ थांट यांनी फौज मागे बोलावली. त्यावरून त्यांना आजही बोल लावला जातो. फौज निघायच्या आतच युद्ध पेटलं आणि आपले काही जवान गाझातच मारले गेले. म्हणजे गाझा आपल्या लष्कराला नवी नाही. टीव्हीवर चर्चा करणाऱ्या कुणी हे सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

आता आजचा प्रस्ताव. १७ नोव्हेंबर २०२५ला सुरक्षा समितीने ठराव क्रमांक २८०३ मंजूर केला. १३ मतं बाजूने, रशिया आणि चीन तटस्थ. त्याने गाझासाठी एक 'बोर्ड ऑफ पीस' मान्य केलं, ज्याचे अध्यक्ष खुद्द डोनाल्ड ट्रम्प, आणि त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय स्थैर्य दलाला परवानगी दिली. हे दल राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेच्या निळ्या शिरस्त्राणाचं नाही. त्याचा हुकूम न्यूयॉर्कच्या शांतिसेना विभागातून सुटणार नाही. बोर्डाला मान्य असलेल्या संयुक्त कमांडकडून सुटेल. आणि त्याच्या कामांत हमाससारख्या सशस्त्र गटांची हत्यारं काढून घेणं, ती नष्ट करणं हेही आहे. हमासने तो ठराव धुडकावलाय.

इथे मला माझ्याच बाजूची एक अडचण कबूल केली पाहिजे. जुलै २००३मध्ये अमेरिकेने इराकसाठी आपल्याकडे एक अख्खी डिव्हिजन मागितली होती, सतरा हजारांच्या आसपास जवान. तेव्हाही दिल्लीत हेच बोललं जात होतं: पाठवा, कंत्राटं मिळतील, वॉशिंग्टन खूश होईल. वाजपेयी सरकारने १४ जुलैला नकार दिला. राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करता येईल, असं सांगितलं. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेने एकमताने ठराव केला होता. हिंदीत 'निंदा' आणि इंग्रजीत 'डिप्लोर', म्हणजे घरात एक शब्द आणि पाहुण्यांसमोर जरा मऊ शब्द. ते असो. नकार ठाम होता आणि पुढे इराकचं जे झालं ते पाहता हजारो घरं त्या नकाराने वाचली. याच भूमीवर १९१६मध्ये कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली होती, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. एका साम्राज्यासाठी एकदा तिथे जाऊन झालं होतं.

अडचण अशी की वाजपेयींची ती अट या वेळी कागदावर पुरी झालीय. राष्ट्रसंघाचा शिक्का आहे. मग नकार कशाच्या आधारे द्यायचा?

शिक्का आणि हुकूम यांतला फरक आपण एकदा पाहिलेला आहे, कोरियात. १९५०मध्ये तिथे राष्ट्रसंघाचा झेंडा होता आणि कमांड अमेरिकेची. नेहरूंच्या सरकारने लढाऊ तुकडी दिली नाही. दिलं ते ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालचं वैद्यकीय पथक. तीन वर्षांहून अधिक काळ त्या लोकांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. मग १९५३ला युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांचा तिढा सोडवायला तटस्थ आयोग नेमला गेला, अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून जवानांना हेलिकॉप्टरने मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः छावणीत गेले आणि गोळी न चालवता त्याला सोडवून आणलं. दोन्ही बाजूंनी शिव्या दिल्या, दोन्ही बाजूंनी काम करून घेतलं. असं काम कुणाच्या पदरचा शिपाई होऊन करता येत नाही.

आणि उलटं उदाहरण बघायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. २९ जुलै १९८७ला कोलंबोत करार झाला आणि आपण श्रीलंकेत फौज पाठवली. नाव काय दिलं? भारतीय शांतिसेना. श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांची सही होती, म्हणजे सरकारची संमती होती. पण ज्यांच्या हातातल्या बंदुका काढून घ्यायच्या होत्या त्या तमिळ बंडखोर लिट्टेची संमती आधीपासूनच तोंडदेखली. जुलैत हार घालून स्वागत, ऑक्टोबरात जाफन्यात घरोघर लढाई. २५ नोव्हेंबरला मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. जन्म मुंबईचा, पलटण ८ महार; मरणोत्तर परमवीर चक्र. पुढे नवे अध्यक्ष प्रेमदासांनी आपल्याला निघून जायला सांगितलं आणि मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली. पावणेतीन वर्षांत साडेअकराशेहून जास्त जवान गेले.

हिशेबनीस म्हणून हा आकडा मी दुसऱ्या एका आकड्याशेजारी लिहितो. राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीखाली भारताने गेल्या पाऊणशे वर्षांत पन्नासच्या आसपास मोहिमांत जवळपास तीन लाख माणसं पाठवली. त्यांत सुमारे १८० मेली. इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. तरीही १८०. कॅप्टन सलारिया त्यांतलेच, १९६१, काँगो. म्हणजे निळी टोपी म्हणजे सहल, असं नाही. पण एका बाजूला तीन पिढ्यांचे १८०, दुसऱ्या बाजूला पावणेतीन वर्षांचे साडेअकराशे. नाव दोन्हीकडे शांतिसेनाच. फरक पडला तो कामात: एकीकडे मध्ये उभं राहायचं होतं, दुसरीकडे एकाच्या वतीने दुसऱ्याची हत्यारं काढायची होती. गाझाच्या ठरावातलं काम यांतलं कुठलं, ते वाचणाऱ्याने ठरवावं. मला ते जाफन्याचं दिसतं, फक्त कोलंबोच्या जागी वॉशिंग्टन.

माझ्या कारखानदाराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुमचा राष्ट्रसंघ फार शहाणा?"

नाही. १९९४मध्ये रवांडात जे झालं त्यानंतर असं म्हणण्याची हिंमत कुणी करू नये. दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने अंग काढून घेतलं, आणि कत्तल ऐन भरात असताना २१ एप्रिलला सुरक्षा समितीने तिथली फौज २७०वर आणायचा ठराव केला. आठ लाखांच्या घरात माणसं गेली. पुढच्या वर्षी स्रेब्रेनित्सात डच सैनिकांच्या डोळ्यांदेखत आठ हजार पुरुष आणि मुलगे वेगळे काढून नेले, मारले. हैतीत २०१०मध्ये शांतिसैनिकांच्या छावणीच्या सांडपाण्यातून कॉलरा पसरला आणि माफी मागायला सहा वर्षं लागली. काँगोत लैंगिक शोषणाचे आरोप अनेक देशांच्या तुकड्यांवर झाले, आपलीही त्यातून सुटली नाही.

पण 'राष्ट्रसंघ अपयशी ठरला' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. रवांडाच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर १९९३मध्ये, सोमालियात मोगादिशूच्या गल्ल्यांत अठरा अमेरिकी सैनिक मारले गेले होते. ती कारवाई अमेरिकी कमांडखालची होती, राष्ट्रसंघाची नव्हे, तरी तिचं खापर राष्ट्रसंघावर फुटलं. त्यानंतर वॉशिंग्टनने नव्या मोहिमांना हात आखडता घेतला, आणि रवांडात जे चाललंय त्याला 'वंशसंहार' म्हणायलाही त्यांचे प्रवक्ते आढेवेढे घेत राहिले, कारण तसं म्हटलं की काहीतरी करावं लागलं असतं. राष्ट्रसंघाला स्वतःचा एकही शिपाई नाही. नको म्हणणारे हात सरकारांचे असतात.

आणि हात म्हटल्यावर खिसाही आला. शांतिसेनेचं वर्षाचं एकूण बजेट साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास. अमेरिकेचा एकटीचा संरक्षणखर्च नऊशे अब्जांच्या वर. म्हणजे जगभरच्या सगळ्या शांतिसेना मिळून जेवढ्यात वर्षभर चालतात तेवढं अमेरिका साधारण दोन दिवसांत खर्च करते. वर्गणीतला तिचा वाटा २६ टक्क्यांचा, तो थकतो. ऑक्टोबर २०२५मध्ये पैशाअभावी शांतिसैनिकांपैकी एक चतुर्थांश कमी करायचं जाहीर झालं. लेबनॉनमधली मोहीम, जिथे आपले जवान १९९८पासून आहेत, अमेरिका आणि इस्रायलच्या दबावामुळे २०२६अखेर बंद करायचं ठरलं. गणपती मंडळात एखादा दांडगा वर्गणीदार असतो. पावतीपुस्तकावर पहिलं नाव त्याचं, मिरवणूक त्याच्या गल्लीतून गेली नाही तर वर्गणी बंद, आणि मग तोच पारावर बसून सांगतो, मंडळात काही दम राहिला नाही. त्या मंडळासारखं झालंय हे. तो आता शेजारी स्वतःचं मंडळ काढतोय आणि नाचायला पोरं मात्र इतर गल्ल्यांतून मागतोय.

अमेरिकेला सरसकट खलनायक ठरवायचंय असं कुणी समजू नये. १९५६ला सुएझमधून ब्रिटन-फ्रान्सला मागे खेचलं ते आयझेनहॉवरच्या दबावानेच. १९९९ला पूर्व तिमोरमध्ये इंडोनेशियाला ताळ्यावर आणण्यातही वॉशिंग्टनचा हात होता. बलाढ्य देशाचं बळ कधीकधी चांगल्या कामी येतं. पण ते कधी येईल हे तो ठरवतो, आणि त्याचं मन बदललं की आपण कुठे उभे असू हे आपल्याला आधी कळत नाही. चहाच्या नऊ दिवस आधी, ३ जानेवारीला, अमेरिकी सैन्याने कराकसमध्ये घुसून व्हेनेझुएलाच्या मादुरोंना पकडलं आणि न्यूयॉर्कला नेलं. मादुरो सज्जन होते असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांच्या निवडणुकांचा हिशेब मीही पास केला नसता. पण त्याच आठवड्यात तेच सरकार ६६ आंतरराष्ट्रीय संस्थांतून बाहेर पडायचं जाहीर करतं, आणि त्याच सरकारच्या अध्यक्षाच्या हाताखाली आपली पोरं जाऊन शांतता राखणार? एकाच माणसाच्या टेबलावर आपला टॅरिफ आणि आपली पलटण दोन्ही ठेवली, की कशाच्या बदल्यात काय मागितलं जाईल याचा नेम राहत नाही. आज टॉवेल सोडवायला दोन पलटणी. उद्या कोळंबी सोडवायला चार?

मग भारताने गाझाकडे पाठ फिरवावी? तसं तर मला फारच लागेल, आणि लागण्याचं कारण याच गावातलं आहे. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८मध्ये चीनवर जपानी आक्रमण चालू असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यांतले एक. १९४२मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. बाजू त्यांनी घेतली होती, ते तटस्थ वगैरे नव्हते. पण गेले ते शल्यचिकित्सेची हत्यारं घेऊन. गाझात आज इस्पितळं ढिगाऱ्यात आहेत. तिथे फील्ड हॉस्पिटल पाठवा, पाण्याच्या वाहिन्या जोडणारे इंजिनिअर पाठवा, १९५०च्या त्या फील्ड अॅम्ब्युलन्ससारखं पथक पाठवा, आणि राष्ट्रसंघाच्या मदतसंस्थांच्या हवाली करा. बंदूकवाली पलटण पाठवायची असेल तर ती फक्त निळ्या टोपीखाली, आणि दोन्ही बाजूंनी हो म्हटल्यावर. हे आत्ताच, कुणी विचारायच्या आत, सरकारने संसदेत बोलून टाकावं. आपल्याकडे परदेशात फौज धाडायला संसदेचं मत घ्यायची कायद्याने सक्ती नाही, १९८७मध्येही घेतलं नव्हतं. ती सक्ती आणावी. नगरपालिकेचा नळ जोडायला मंजुरी लागते, हजार जवान समुद्रापार धाडायला लागू नये?

कारखानदाराने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि माझ्या गाठी?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. ब्रिटनशी जुलै २०२५मध्ये व्यापार करार झालाय, तिकडे बघा, म्हणालो. सरकारकडे व्याजाची सवलत मागा, म्हणालो. त्याला हे सगळं माहीत होतं. हवालदारांनी मध्येच विचारलं, "तुमचं पोरगं फौजेत हाय का?" तो नाही म्हणाला. पुढे कुणी बोललं नाही. चहाचे पैसे मात्र हवालदारांना त्याने देऊ दिले नाहीत.

चार दिवसांनी गड्ड्यात गेलो तर होम मैदानाच्या कडेला त्याच्या माणसाने मांडव टाकला होता. तोच माल, भाव निम्म्याहून खाली. मी दोन टॉवेल घेतले. उत्तम पीळ, जाड, पाणी शोषणारे. काठापाशी बोट फिरवलं की उसवलेल्या लेबलाची बारीक भोकं लागतात, चार बाजूंनी चौकोन.